ट्रकला मोठा अल्टरनेटर बसवला, आता चार्जिंगची वायर आणि फ्यूज कसा घ्यावा?

तासगाव_ट्रान्सपोर्ट

नमस्कार मंडळी. आमचा दहा चाकी ट्रक आहे, बीएस-४, २४ व्होल्ट. हंगामात द्राक्षं, बेदाणा आणि एरवी मिळेल तो माल घेऊन उत्तरेकडे जातो. ड्रायव्हरसाठी केबिनमध्ये गाडी बंद असतानाही चालणारा २४ व्होल्टचा एसी बसवायचा ठरवलाय. आधीचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा) ४५ अँपिअरचा होता, तो काढून ९० चा घेतला. ब्रॅकेट आणि पुली बसली. गाडी अडली आहे ती वायरिंगवर.

तीन इलेक्ट्रिशियनना विचारलं. पहिला म्हणतो जुनी वायर शाबूत आहे, तीच राहू द्या. दुसरा म्हणतो जुनीच्या जोडीला अजून एक ओढू. तिसरा म्हणतो जुनी काढून वेल्डिंगची केबल टाका. फ्यूज कुठे घालायचा हे विचारलं तर तिघांचंही उत्तर एकच, कंपनीने दिला नाही तर तुम्ही कशाला घालता.

मला हे पटत नाही. त्या केबिनमध्ये रात्री माणूस झोपतो आणि वायर डिझेलच्या पाइपाजवळून जाते. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी नीट सांगा.

घाटमाथा

जुनी राहू द्या म्हणणाऱ्याला आधी नमस्कार करा आणि दुसऱ्याकडे जा.

कळंबोली_ऑटोइलेक्ट्रिक

दादा, मी हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वायरीची जाडी दोन कारणांनी ठरते, एक तापणं आणि दुसरं व्होल्टेज पडणं. तांब्याचा हिशेब सोपा आहे. अँपिअर गुणिले ०.०१७२ गुणिले मीटरमधली लांबी, भागिले स्क्वेअर एमएम. समजा तुमची जुनी वायर १० स्क्वेअर एमएमची आणि ५ मीटर लांब आहे. ४५ अँपिअरला जवळपास ०.३९ व्होल्ट पडतात. त्याच वायरीतून ९० गेले की ०.७७. आणि हे थंड वायरीचं गणित झालं, इंजिनाजवळ तापल्यावर तांब्याचा विरोध आणखी वाढतो. अल्टरनेटर २८.४ देत असेल आणि बॅटरीवर २७.५ पोचत असतील, तर बॅटरी कधीच पूर्ण भरणार नाही. मग गिऱ्हाईक म्हणतं नवीन डायनॅमो (म्हणजे हाच अल्टरनेटर) खराब निघाला. डायनॅमो ठणठणीत असतो.

२५ स्क्वेअर एमएम घेतली तर त्याच लांबीला ०.३१ व्होल्ट पडतात, ३५ ला ०.२२.

दुसरी गोष्ट, त्या वायरीला दोन टोकं आहेत आणि दोन्हीकडून करंट येऊ शकतो. अल्टरनेटरचा करंट त्याच्या ताकदीपुरताच येतो. बॅटरीचं तसं नाही. वायर घासून बॉडीला लागली तर बॅटरी शेकड्याने अँपिअर ओतते, वायर लाल होते, कोटिंग पेटतं. म्हणून फ्यूज बॅटरीकडच्या टोकाला पाहिजे, तोही टर्मिनलपासून वीतभर अंतरात. अल्टरनेटरजवळ फ्यूज घालून बॅटरीपर्यंतची सगळी वायर उघडी सोडली तर त्याचा काही उपयोग नाही.

बार्शीचा_बाळू

मास्तर, फ्यूजचं मला पटत नाही. रात्री घाटात फ्यूज उडाला तर गाडी अंधारात उभी राहील. आमच्या गाड्यांना वीस वर्षं चार्जिंग लाइनला फ्यूज नव्हता, काही झालं नाही.

कळंबोली_ऑटोइलेक्ट्रिक

@बार्शीचा_बाळू भाऊ, चार्जिंगचा फ्यूज उडाला तर लाइट बॅटरीवर चालू राहतात. ड्रायव्हरला पुढच्या ढाब्यापर्यंत जायला भरपूर वेळ मिळतो. अंधार तेव्हा होतो, जेव्हा वायर जळून शेजारची अख्खी लूम (वायरींचा गठ्ठा) घेऊन जाते.

पण तुमच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे. फ्यूज छोटा घातला तर तो पूर्ण लोडवर चालू गाडीत उडेल, आणि चालू अल्टरनेटरला बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळी मारतं. २४ व्होल्टच्या गाडीत ही उसळी दीडशे-दोनशे व्होल्टपर्यंत जाऊ शकते. अल्टरनेटरचे डायोड आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) दोन्ही धोक्यात. म्हणून फ्यूज अल्टरनेटरच्या कमाल अँपिअरपेक्षा सव्वापट तरी मोठा, आणि वायर झेपेल त्याहून छोटा. ९० च्या अल्टरनेटरला १२५ चा बोल्टने बसणारा मेगा फ्यूज, आणि वायर २५ किंवा ३५.

नागपूरचा_संत्रा

याच मुद्द्यावर एक जोड. ज्याच्या त्याच्या गॅरेजात अजून चालू गाडीचं बॅटरी टर्मिनल काढून 'डायनॅमो चालू आहे का' बघतात. बाप्पा, हे बंद करा! जुन्या काळच्या डायनॅमोला ते खपत होतं. बीएस-४ आणि बीएस-६ मध्ये ईसीयू बसलेत. मल्टिमीटर असताना टर्मिनल काढायचं कामच काय?

नाशिक_फ्लीट_ताई

आमच्या ऑफिसात नियमच आहे, जो मेकॅनिक चालू गाडीचं टर्मिनल काढेल किंवा अल्टरनेटरच्या मेन नटाची बॉडीला ठिणगी पाडून बघेल, त्याच्याकडे परत गाडी जात नाही.

मूळ प्रश्नातल्या दुसऱ्या पर्यायाबद्दल कोणी बोललं नाही. जुनी ठेवून जोडीला नवी ओढायची की नाही? आमच्याकडे दोन इलेक्ट्रिशियन यावर कायम भांडतात.

रत्नांग्री_इंजि

ताई, भांडण मिटवण्यासारखा आकडा देतो. जुनी १० आणि नवी २५, लांबी सारखी. करंट जाडीच्या प्रमाणात वाटला जातो. ९० पैकी साधारण २६ जुनीतून आणि ६४ नवीतून. इथपर्यंत सगळं छान.

आता नवीचं थिंबल (वायरीच्या टोकाची नटात बसणारी कडी) सैल झालं किंवा नवीवरचा फ्यूज उडाला. पूर्ण ९० जुनीतून जायला लागतात, आणि बाहेरून काहीच कळत नाही. चार्जिंगचा दिवा लागत नाही कारण चार्जिंग चालूच असतं. जुनी वायर मात्र लूमच्या आत, बाकी वायरींच्या गठ्ठ्यात भाजत राहते. म्हणून जोडीने चालवायच्या असतील तर दोघींना आपापला फ्यूज, प्रत्येकीच्या जाडीप्रमाणे. एकीलाच फ्यूज घालणं हे मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण मालकाला सुरक्षित झाल्याचं समाधान मिळतं आणि गाडी सुरक्षित नसते.

माझं मत विचाराल तर जुनी काढा. एक वायर, एक फ्यूज.

टोरोंटोकर

इकडे उत्तर अमेरिकेत लोक आपल्या १२ व्होल्टच्या पिकअप ट्रकांना जोडवायरच ओढतात. त्याला कारण आहे. कंपनीच्या चार्जिंग वायरीत बऱ्याचदा फ्युजिबल लिंक असते, म्हणजे मुद्दाम बारीक ठेवलेला, न पेटणाऱ्या कोटिंगचा तुकडा. आधी तो वितळतो आणि बाकीची वायर वाचते. ती वायर तशीच ठेवून शेजारी फ्यूज घातलेली नवी वायर टाकतात. म्हणजे दोघींना संरक्षण असतंच. भारतातल्या गाडीत जुन्या वायरीला लिंक आहे का ते न बघता ही पद्धत उचलू नका.

आणि ते तीन वायरी एकदम बदलतात. अल्टरनेटर ते बॅटरी, इंजिन ते चॅसिस, बॅटरीचा निगेटिव्ह ते चॅसिस. मागच्या दोन आपल्याकडे हमखास विसरल्या जातात.

कळंबोली_ऑटोइलेक्ट्रिक

+१. अर्थ! जेवढा करंट पॉझिटिव्हने जातो तेवढाच अर्थने परत येतो. पॉझिटिव्ह ३५ ची टाकली आणि इंजिनाची अर्थपट्टी गंजून चार तारांवर लटकतेय, तर करंट दुसरी वाट शोधतो. गिअरची केबल, अॅक्सिलरेटरची केबल. क्लच किंवा अॅक्सिलरेटरची केबल विनाकारण गरम लागली तर आधी अर्थपट्टी बघायची. रंग खरवडून, चकाकता पत्रा काढून, दातेरी वॉशर घालून आवळायची, वर ग्रीस.

घाटमाथा

माझ्या छोट्या पिकअपमध्ये (१२ व्होल्ट) अल्टरनेटर बदलायचा विचार आहे. हीच गणितं लागू का?

रत्नांग्री_इंजि

गणित तेच, पण १२ व्होल्टमध्ये तेवढ्याच वॅटला दुप्पट अँपिअर लागतात, म्हणून वायर जास्त जाड. आणि एक महत्त्वाचं. बऱ्याच छोट्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप असतो, त्यावर ब्रेकचा बूस्टर चालतो. मोठा अल्टरनेटर घेताना तोच पंप, तीच ऑइलची जोडणी जुळली पाहिजे. पंप नसलेला बसवला तर ब्रेक दगड होतील. मोठ्या ट्रकांना एअर ब्रेक, तिथे हा प्रश्न नाही.

घाटमाथा

बापरे. हे कोणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

सोलापूर_हायवे

ड्रायव्हर आहे, बारा महिने गाडीवर. मालक लोक एसीचा विचार करतात हे वाचून बरं वाटलं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना केबिन एसी सक्तीचा झालाय, पण रस्त्यावर बहुतेक गाड्या त्याआधीच्या. मे महिन्यात सोलापूर-विजापूर पट्ट्यात दुपारी केबिनमध्ये बसून बघा एकदा.

वायरिंगबद्दल माझा एकच अनुभव सांगतो. टेप आणि मोबाइल चार्जरसाठी इलेक्ट्रिशियन लोक दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढतात. प्रत्येक गाडीत हेच. आणि प्रत्येक गाडीत तीच बॅटरी आधी मरते.

कळंबोली_ऑटोइलेक्ट्रिक

@सोलापूर_हायवे एकदम बरोबर, आणि तासगावच्या दादांनी हे नक्की तपासावं. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, अल्टरनेटर दोघींना मिळून २८.४ देतो. जिच्यावरून टेप, पंखा, चार्जर चालतो ती अर्धवट भरलेली, तिचं व्होल्टेज कमी. उरलेलं सगळं दुसरीवर जातं. पहिली उपाशी राहते, दुसरी उकळते. पाणी आटतं, ॲसिड बाहेर येतं, टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचतं. मोठा अल्टरनेटर लावून हे सुधारत नाही, दुसरी बॅटरी उलट जोरात उकळते. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर घ्या, त्याला छोटा फ्यूज द्या, आणि मधल्या टर्मिनलवरून १२ व्होल्टसाठी काढलेली ती वायर काढून टाका.

बार्शीचा_बाळू

माझ्या दोन्ही गाड्यांत मधूनच १२ काढलेत. उद्याच बघतो.

नाशिक_फ्लीट_ताई

तासगाव_ट्रान्सपोर्ट, अजून एक गोष्ट विचारात घ्या. गाडी बंद असताना अल्टरनेटर काहीच देत नाही. तुमचा एसी ३० अँपिअर घेत असेल तर पाच तासांत १५० अँपिअर-तास गेले. ट्रकच्या साध्या बॅटऱ्या साधारण तेवढ्याच असतात, आणि त्या सेल्फ मारण्यासाठी बनवलेल्या. अशा तळापर्यंत उतरल्या की थोड्याच दिवसांत बाद होतात. सकाळी गाडी धक्क्यावर.

आम्ही एसीला वेगळी बॅटरी दिली आणि सेल्फची वेगळी ठेवली.

रत्नांग्री_इंजि

ताईंचं बरोबर, फक्त ती वेगळी बॅटरी लिथियम असेल तर थेट अल्टरनेटरला जोडू नका. लिथियम रिकामी असताना मिळेल तेवढा करंट ओढते. अल्टरनेटर ९० चा म्हणजे सतत तासन् तास ९० देणारा नव्हे. गाडी स्लोवर, पंखा मंद, बॉनेटखाली उष्णता, आणि लिथियम पूर्ण ताकदीने मागते, म्हणजे अल्टरनेटरची वाइंडिंग जळते. मध्ये डीसी-डीसी चार्जर घालायचा, तो ठरावीक अँपिअरच ओढू देतो.

पट्ट्याचाही विचार करा. ९० अँपिअर २८ व्होल्टला म्हणजे अडीच किलोवॅट. अल्टरनेटरमध्ये बराच भाग उष्णतेत जातो, म्हणजे पट्ट्यावर चार किलोवॅटच्या आसपास ओझं. एकच जुना व्ही पट्टा असेल तर तो घसरेल, किंचाळेल आणि काळी भुकटी उडवेल.

तासगाव_ट्रान्सपोर्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. पट्टा दोन खोबणींचा आहे. एसीला वेगळी बॅटरी घ्यायची हे नक्की केलं.

आज गाडीखाली जाऊन वायर टोकापासून टोकापर्यंत बघितली. अल्टरनेटरची वायर बॅटरीकडे जातच नाही! ती सेल्फच्या मोठ्या नटावर येते आणि तिथून मनगटाएवढी नाही पण अंगठ्याहून जाड केबल बॅटरीकडे जाते. अल्टरनेटर ते सेल्फ अंतर फार तर दीड मीटर. मग बॅटरीपर्यंत नवी ओढायची की इथेच बदलायची? आणि वीतभर अंतरात फ्यूज म्हणजे कुठून वीतभर?

कळंबोली_ऑटोइलेक्ट्रिक

हेच मला पहिल्या उत्तरात विचारायला हवं होतं असं वाटतंय इतकं छान बघितलंत. बऱ्याच ट्रकांत अशीच मांडणी असते आणि त्यात तुमचा खर्च वाचतो. सेल्फची केबल शेकड्याने अँपिअर झेलते, ९० तिला काहीच नाही. बदलायचा आहे तो फक्त दीड मीटरचा तुकडा. २५ स्क्वेअर एमएमला ९० अँपिअरवर ०.०९ व्होल्ट पडतील, म्हणजे दुर्लक्ष करण्याइतके.

फ्यूजचं तत्त्व असं, जिथे जाड केबल संपून बारीक वायर सुरू होते तिथे फ्यूज. तुमच्याकडे ती जागा म्हणजे सेल्फचा नट. तिथून वीतभरात. फक्त फ्यूजचा डबा इंजिनावर बसवू नका, इंजिन हलतं आणि तापतं. शेजारी चॅसिसच्या पत्र्यावर किंवा ब्रॅकेट करून बसवा. सेल्फपासून डब्यापर्यंतचा छोटा तुकडा विनाफ्यूजचा राहतो, त्याला दुहेरी स्लीव्ह आणि क्लँप, सायलेन्सर-टर्बोपासून लांब.

फ्यूज घेताना त्यावरचं व्होल्टेज वाचा. बाजारात ३२ व्होल्टचे जास्त मिळतात. तुमचं चार्जिंग २८-२९ ला, ३२ अगदी काठावर. ५८ किंवा ७० व्होल्टचा मागा.

नागपूरचा_संत्रा

वेल्डिंग केबल चालेल का, हा तिसऱ्या इलेक्ट्रिशियनचा मुद्दा राहिला.

कळंबोली_ऑटोइलेक्ट्रिक

बारीक तारांची असल्याने ती छान वाकते, तांबंही भरपूर. पण कोटिंग किती तापमान आणि ऑइल सहन करतं ते विचारून घ्या. इंजिनाजवळ १०५ डिग्री किंवा जास्त लिहिलेली ऑटोची केबल मला जास्त भरवशाची वाटते. घराच्या वायरिंगची ७० डिग्रीची पीव्हीसी वायर तिथे अजिबात नको.

स्वस्त केबल घेताना एक तार खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याचा विरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि थिंबलमध्ये हळूहळू सैल होतं.

रत्नांग्री_इंजि

थिंबल हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबून घ्या. हातोडीने ठोकलेलं किंवा पक्कडीने चेपलेलं थिंबल हे बहुतेक जळक्या नटांचं मूळ असतं. नुसतं सोल्डरही नको. सोल्डर तारांत वर चढतं, तिथे वायर कडक होते आणि ट्रकच्या हादऱ्याने नेमकी तिथेच तुटते. वर गोंदाची हीटश्रिंक. पत्र्यातून जाताना रबर ग्रोमेट. आणि डिझेलच्या पाइपाला वायर बांधायची नाही, सोयीचं दिसलं तरी नाही.

टँकरवाला_मनमाड

एक सूचना. पेट्रोल-डिझेलचा टँकर असेल त्याने यातलं काहीही स्वतःच्या मनाने करू नये. टँकरचं वायरिंग आणि मेन स्विच हे पेसोच्या (केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संस्था) नियमांत येतं, बदल करायचा तर आधी मान्यता. साध्या मालट्रकचा सल्ला आमच्या गाडीला लागू नाही.

सोलापूर_हायवे

काम करताना कुठली वायर आधी काढायची? आमच्याकडे पाना टर्मिनलवरून चॅसिसला टेकला आणि एका पोराच्या हाताला भाजलं होतं.

नाशिक_फ्लीट_ताई

चॅसिसला जाणारी निगेटिव्ह आधी काढायची, जोडताना तीच शेवटी. मग पाना कुठेही टेकला तरी सर्किट पूर्ण होत नाही. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. ज्यांची गाडी युरियाच्या टाकीवाली आहे त्यांनी चावी काढल्यावर लगेच मेन स्विच बंद करू नये, पंप युरिया परत टाकीत ओढतो, त्याला काही मिनिटं द्या.

तासगाव_ट्रान्सपोर्ट

काम झालं. २५ ची ऑटो केबल, १२५ चा ७० व्होल्टवाला मेगा फ्यूज, डबा चॅसिसवर. जुनी वायर पूर्ण काढली. आतून थिंबलजवळ दोन बोटं काळी पडली होती, बाहेरून काही दिसत नव्हतं. इंजिनाची अर्थपट्टीही नवी टाकली.

हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं चालू करून मध्यम रेसवर मोजलं. अल्टरनेटरवर २८.३, बॅटरीवर २७.९.

कळंबोली_ऑटोइलेक्ट्रिक

उत्तम. आता मीटरची एक काडी अल्टरनेटरच्या बॉडीला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावून त्याच लोडवर मोजा. ०.१ च्या आसपास आलं तर छान. ०.३ च्या वर गेलं तर अर्थमध्ये अजून कुठे तरी गंज आहे, बहुतेक चॅसिस ते बॅटरीच्या जोडाला. आणि आठवडाभर गाडी चालल्यावर, ती बंद करून, निगेटिव्ह काढून सगळे नट पुन्हा एकदा आवळा. तांबं दबतं आणि पहिल्या काही दिवसांत नट थोडा सैल होतोच.

तासगाव_ट्रान्सपोर्ट

मोजलं. ०.३५ येतंय. उद्या चॅसिसचा जोड खोलतो आणि इथेच कळवतो.